मधली खुर्ची

६ मार्च, शुक्रवार

मेहुणा येऊन गेला. न कळवता! आणि दोन्ही हातांत तान्हं मूल धरावं तसं एक खोकं.

"भाऊजी, हा सेंटर चॅनल. थोडे दिवस ठेवा, ऐका. आवडला तर तुमच्यासाठी नवा बघू."

मी मागितला होता का? मुळीच नाही. लांबोडका काळा डबा, टीव्हीखाली आडवा ठेवायचा. म्हणे सिनेमातली माणसं बोलतात ते सगळं यातून येतं. याला कालपरवा शिंगं फुटली, आणि हा मला आवाजाचं शिकवणार!

माझ्याकडे दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. अकरा वर्षं झाली. डावा, उजवा आणि माझी खुर्ची — तिन्ही अंतरं टेपने मोजून सारखी, फरशीवर खुणा केलेल्या. दोन्ही स्पीकर किंचित वळवलेले, तोंडं थेट माझ्याकडे. जन्मभर नकाशे काढले मी, दोन सूत इकडचं तिकडे चालत नाही. त्या खुर्चीत बसलं की बोलणारा माणूस बरोब्बर मधोमध उभा राहतो, तिथे काही नसताना! मग मधे तिसरा डबा हवा कशाला?

हे सगळं त्याला नीट समजावलं. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते खरं हो, पण ताईला बोलणं कळत नाही ना. म्हणून आणला."

म्हणजे बहीणभावाचं आधीच ठरलेलं! माझ्या घरातलं गाऱ्हाणं फोनवरून त्याच्या घरी गेलं. ती आत चहा करत होती. बाहेर आलीच नाही.

८ मार्च, रविवार

दुपारी सिनेमा लावला. खटल्याचा. तिलाच असले आवडतात — आठवडाभर कोर्टात बसून पोट भरत नाही. ती नेहमीच्या जागी, खिडकीपाशी, वेताच्या खुर्चीत, डाव्या स्पीकरच्या कडेला. खोली अरुंद, दुसरी जागाच नाही. दर पाच मिनिटांनी सुरू — "काय म्हणाला हो तो?" मी सांगावं, तोवर पुढचं वाक्य निघून जावं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा बंदच करून टाकला.

"कान गेले तुझे," म्हटलं. "मान्य कर आता."

"कोर्टात येतं की मला ऐकू."

"तिथे लोक ओरडून बोलतात."

ती तिथे एकतीस वर्षं स्टेनो आहे. साक्षीदार बोलणार, ही टिपणार. तिचं टिपण म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं सगळे म्हणतात. नव्या जज्जसाहेबांनीही पहिल्याच आठवड्यात कौतुक केलं, ते मला तीन वेळा ऐकवून झालं आहे. ते ऐकायला मात्र माझे कान चालतात.

१० मार्च, मंगळवार

ती कामावर. म्हटलं, होऊन जाऊ दे दूध का दूध. मेहुण्याचा डबा जोडला. वही घेऊन खुर्चीत बसलो. दहा प्रसंग निवडले, प्रत्येक आधी माझ्या जोडीवर, मग त्या डब्यावर. आवाज दोन्हीकडे सारखा.

निकाल — जोडी नऊ, डबा एक. तो एकही मेहरबानी म्हणून! डब्यातून पुरुषांचा आवाज सर्दी झाल्यासारखा येतो. बाई बोलली तर गुडघ्याच्या उंचीवरून बोलते. माझ्या जोडीवर तीच बाई समोर उभी, तिने घेतलेला श्वाससुद्धा कळतो.

निकाल मेहुण्याला फोनवर वाचून दाखवला. म्हणतो, "ताईला बसवलं होतं का?" म्हटलं, ज्याला ऐकूच येत नाही त्याला परीक्षक कोण करतं? फोन ठेवला. ती यायच्या आत डबा काढून कोपऱ्यात उभा करून ठेवला.

११ मार्च, बुधवार

मेहुण्याचे दोन फोन. उचलले नाहीत.

१३ मार्च, शुक्रवार

आज उशिरा आली. चेहरा उतरलेला. पर्स टेबलावर ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

साक्ष चालू होती म्हणे. हिने साक्षीदाराला थांबवून पुन्हा बोलायला सांगितलं. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"ऐकू आलं होतं हो मला," म्हणाली. "पण खात्री वाटेना. तुम्ही म्हणता ते सारखं मनात येतं."

झालं! माझ्या माथी. ऐकू आलं होतं तर विचारलं कशाला? मी काय तिच्या टेबलाखाली बसतो का? आता तरी मान्य कर म्हटलं. तर होकाराची मान हलवली. पहिल्यांदाच.

जेवताना मीच बोलत होतो, आणि थोडं मोठ्याने.

१५ मार्च, रविवार

मेहुणा पुन्हा हजर. कानाच्या डॉक्टरांकडे वेळ घेऊन आला होता, आगाऊ! "एकदा तपासू या ताई. सगळं स्पष्ट होईल."

ती घाबरली. मी तिची बाजू घेतली — होय, मीच! म्हटलं, तपासणीचा कागद निघाला की तो ऑफिसात जाणार, फाइलला लागणार, मग सगळे मागून बोलणार. एकतीस वर्षांचं नाव एका कागदात बुडायचं. त्यापेक्षा मानाने बाहेर पडावं. काय चुकीचं बोललो?

"पण कान चांगले निघाले तर?" मेहुणा.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, "अकरा वर्षं मी हिच्या शेजारी बसतोय. तू नाही."

त्याने तिथूनच फोन लावून वेळ रद्द केली.

१७ मार्च, मंगळवार

स्वेच्छानिवृत्ती घेणार म्हणते. सकाळी भाजी निवडता निवडता बोलली, बाजारात जाऊन येते म्हणावं तशी.

"माझ्या हातून एक शब्द चुकीचा पडला तर कोणाचं तरी आयुष्य फुकट जायचं. ते नको मला."

योग्य निर्णय, म्हटलं. मनातून बरं वाटलं. का वाटू नये? वर्ष होईल मला निवृत्त होऊन. ती नऊला जाते, सहाला येते. मधे मी, दोन स्पीकर आणि भिंती. संध्याकाळी येते ती साहेबांच्या, वकिलांच्या, तिथल्या मैत्रिणींच्या गोष्टी घेऊन. माझ्याकडे सांगायला काय, तर नळवाला आला नाही!

२० मार्च, शुक्रवार

अर्ज स्वतःच टाइप केला. वाचायला दिला. एक चूक सापडेल तर शपथ. सोमवारी देणार.

२२ मार्च, रविवार

ती भावाकडे जेवायला गेली. मलाही बोलावलं होतं, गेलो नाही. तो संध्याकाळी तिला सोडायला येणार, तेव्हा त्याचा डबा त्याच्या पदरात घालायचा म्हणून बांधायला घेतला. सोबतीला तोच खटल्याचा सिनेमा लावून दिला. खोकं खिडकीपाशी होतं. वाकून वाकून कंबर धरली, म्हणून तिच्या वेताच्या खुर्चीत टेकलो.

वकील बोलत होता. काय बोलत होता ते कळेना.

वाटलं, लक्ष नाही माझं. चिकटपट्टी खाली ठेवली. नीट ऐकलं. नुसती गुणगुण! डावा स्पीकर तिथून पाठमोराच म्हणायचा, त्याची लाकडी बाजू दिसते फक्त. उजवा कपाटाआड. त च्या जागी प, स च्या जागी ह, सगळ्याचा एक लगदा. अर्धा तास बसलो. साक्षीदाराने काय सांगितलं, मला सांगता येणार नाही. मला! सिनेमा तीनदा पाहिलेला!

मग उठून मेहुण्याचा डबा पुन्हा बाहेर काढला. जोडला. पुन्हा तिच्या खुर्चीत येऊन बसलो. सर्दी झालेला असेल, गुडघ्यापासून बोलत असेल, पण एक एक अक्षर सुटं. शेवटचा कुजबुजलेला शब्दसुद्धा.

अकरा वर्षांत या खुर्चीत एकदाही बसलो नव्हतो. टेपने सगळं मोजलं, हे अंतर तेवढं मोजलं नाही. तिचे कान ठणठणीत आहेत. सिनेमे अर्धे ऐकून, उरलेले स्वतःच्या मनाने जुळवून बघत आली बाई, आणि वर माझी बोलणी खाल्ली. लाज वाटली. खरंच वाटली.

आणि दुसरंही वाटलं. ते इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? सांगितलं तर तो अर्ज फाटणार. उद्यापासून पुन्हा नऊ ते सहा. आणि मेहुणा जन्मभर मिशीत हसणार.

पाच वाजता दोघं आले. डबा तोवर बांधून तयार होता, दोरीच्या दोन गाठी मारून.

"कसा वाटला शेवटी, भाऊजी?"

"भिकार," म्हटलं.

त्याने उचलला आणि गेला. ती चपला काढून वेताच्या खुर्चीत बसली. म्हणाली, आज टीव्ही नको. भावाकडे सगळे एकदम बोलत होते, डोकं दुखतंय. मी विचारलं, "कळत होतं का सगळं?" म्हणाली, "कळत होतं. पण तिथेही लोक मोठ्याने बोलत असतील, नाही का?"

सकाळी सांगेन. निघायच्या आत सांगेन.

२३ मार्च, सोमवार

पावणेनऊ. अर्ज पर्समध्ये. दारात थांबली, म्हणाली, "अहो, मी घाई तर करत नाही ना?"

मी म्हटलं, "नाही."