सहावं पान पुढे जाईना

३ मार्च २००६, कुरखेडा

झालं एकदाचं! दहाची दहा पानं उघडतात. चित्रावर दाबलं की नाव येतं, आवाज येतो. नेट नको, काही नको — साधा ब्राउझर, आणि नोटपॅडमध्ये ओळ ओळ लिहिलेलं माझं पुस्तक! साक्षरता वर्गाच्या बायांसाठी असं कोणी केलं असेल तर दाखवा म्हणावं.

सहावं पान सगळ्यात भारी. तलाव. मासा, खेकडा, शिंपला, कासव. नाव वाचायचं, त्या प्राण्यावर दाबायचं, की तो सुर्रकन जाळ्यात. चारही धरले की पुढचं पान उघडतं. मी मूल गावच्या ढिवराची, मासेमाराची पोर, जाळं काय मला शिकवावं लागतं?

गुणवंतराव (संस्था त्यांचीच) चहा पिता पिता म्हणाले, "भाग्यश्री, छापील पुस्तकाले लाईट लागत नाई." वरून ही बातमी — अठ्ठावीसला पुस्तक तपासायला समिती येणार. तीन बाया त्यांच्यासमोर शेवटच्या पानापर्यंत गेल्या तर पुस्तक तीस गावांत. नाही तर संगणक नागपूरच्या ऑफिसात, आणि बायांच्या हातात परत जुनी अंकलिपी.

पाहतेच मी!

९ मार्च

जवळच्या एका गावच्या केंद्रावर पुस्तक बसवलं. वर्ग करिश्मा घेते, तिथलीच, गोंडी-मराठी दोन्ही बोलते. पुस्तकातला आवाजही तिचाच. सीता आणि आशाबाई धडाधड दहाव्या पानावर. टाळ्या!

नीलाबाई मात्र सहाव्यावर अडकल्या. पन्नाशीची गोंड बाई, वर्गातली सगळ्यात हुशार. मासा, खेकडा, शिंपला पटापट धरले. मग हात माउसवरून काढून मांडीवर. मी म्हटलं, "वाचा ना, काय लिवलं हाय?" तर वाचलं — "का-स-व." अचूक! दाबेनात मात्र. मला वाटलं माउस बिघडला. बदलला. तरी नाही.

१० मार्च

तेच. आणखी एक माउस बदलला.

१३ मार्च

नीलाबाई तीन दिवस वर्गाला नाहीत. करिश्मावर चिडले — "तू काऊन नाई सांगत त्याईले?" ती मान खाली घालून म्हणते, "मी काय सांगू ताई, मोठ्या हायेत त्या." काहीतरी लपवते आहे. पंधरा दिवस उरलेत आणि इथे लपाछपी! संताप संताप झाला.

१४ मार्च

शेवटी गेलेच घरी. अंगणभर मोहफुलं वाळत घातलेली, नीलाबाई हातानं पसरवत होत्या. मी गेल्या गेल्या विचारलं. त्या अगदी शांत.

"कासव आमच्या कुळाचं हाय, बाई. आमी त्याले मारत नाई, धरत नाई. वाटेत दिसलं तं हात जोडतो. अन् तुमी म्हणता जाळ्यात टाक."

मी म्हटलं, "पण ते चित्र हाय, खरं थोडीच!"

"मंग तुमच्या देवाच्या फोटोवर पाय देता का?"

परतताना करिश्मा म्हणाली, "मले माईत होतं ताई. पण तुमी किती खुशीनं दाखवून राह्यल्या होत्या…" तोंड लपवावंसं वाटलं. अक्षर शिकवायला गेले आणि त्या बाईला तिचं दैवत जाळ्यात टाकायला सांगत बसले — तेही माउस बदलून बदलून!

१६ मार्च

कासव काढून टाकलं. पाच मिनिटांचं काम.

संध्याकाळी परत टाकलं. करिश्मा म्हणते, दुसऱ्या कुळात दुसरं जपतात. कुणी पक्षी, कुणी झाड. एकेक काढत बसले तर पुस्तकात उरेल काय? आणि नीलाबाईंना कासव वाचता येतं हो! मग त्यांच्याच पुस्तकातून ते काऊन काढायचं?

१९ मार्च

सुचलं!! पहिल्याच पानावर विचारायचं — तुम्ही कोणाला जपता? चित्र निवडायचं. मग त्या बाईच्या पुस्तकात तिचा प्राणी जाळ्यात जाणारच नाही. त्याच्यावर दाबलं की जाळं बाजूला सरेल, तो पोहत निघून जाईल, आणि तेही बरोबर धरायचं. प्रत्येकीचं पुस्तक वेगळं!

२३ मार्च

जमेना. पान बदललं की ब्राउझर निवड विसरतो. कासव परत जाळ्यात! चार दिवस डोकं फोडते आहे. आईचा फोन आला, "जेवली का?" तिच्यावरही खेकसले.

२५ मार्च

जमलं! ब्राउझरच्या पट्टीत पानाचा पत्ता असतो, त्याच्या शेवटी निवड जोडून दिली. पुढचं पान ती वाचतं आणि तशीच पुढच्याला देतं. एवढंसं काम! ऑफिसात एकटीच नाचले. आईला फोन करून माफी मागितली.

२८ मार्च

आज सगळं लिहूनच झोपते.

काल जाऊन नीलाबाईंना फक्त एवढंच म्हटलं होतं, "चूक माझी होती, या." आल्या. सीता झाली, आशाबाई झाली. मग त्या बसल्या. पहिल्या पानावर विचारलेलं वाचलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, कासव निवडलं. सहावं पान. मासा. खेकडा. शिंपला. मग थांबल्या. समितीतला एक जण घड्याळ पाहू लागला. माझा जीव टांगणीला!

दाबलं. जाळं सरलं. कासव हळूहळू पडद्याबाहेर गेलं. नीलाबाईंनी संगणकासमोर हात जोडले.

घड्याळवाल्यानं विचारलं, "हे काय केलं?"

"वाट देल्ली त्याले," म्हणाल्या, आणि सातवं, आठवं, नववं, दहावं — न अडखळता!

गुणवंतरावच उभे राहिले. "तीस गावं लिवा साहेब." लिहिली!! मी सगळ्यांसमोर रडले. रडले तर रडले.

७ एप्रिल

करिश्माचा निरोप, "ताई, एकदा येऊन जा." गेले. नीलाबाईंनी पुस्तक उघडून दिलं. दहाव्या पानापुढे अकरावं पान! मी केलेलं नाही. करिश्मानं दहाव्याची नक्कल करून दिली, बाकी एकेक अक्षर नीलाबाईंनी कीबोर्डवर शोधून बसवलेलं. पाच ओळी. अक्षरं सगळी ओळखीची, भाषा गोंडी. वाचता आलं. कळलं काहीच नाही.

त्यांनी माउस माझ्याकडे सरकवला. "आता तुमी शिका, बाई."