दाजींच्या ओळखीचं अक्षर

गोडादरा, सुरत
ता. ११ जानेवारी २०२४

ती. सौ. कमलताईस,
योगेंद्रचा सा. न. वि. वि.

फोन असूनही पत्र लिहितो म्हणून हसशील. पण दिवसभर कॉम्प्युटरवर बॅनर करून हाताचं वळण जायला लागलंय. बॅनरसाठी नवं अक्षर, फॉन्ट म्हणतात ते, घेतलंय, जाड आणि गोल, कुठे कोपरा नाही, तुझ्या टम्म पुरीसारखं. बारसं, वाढदिवस, रसाचं दुकान, सगळ्यांना तेच हवं. दाजींना वाचता येत नाही, तरी रस्त्यापलीकडून ओळखतात. म्हणतात, योगेंद्रचं अक्षर दिसलं की समजायचं, आत काहीतरी गोड आहे.

त्यांच्या शब्दावर, ते कामाला आहेत त्या पलसाण्याच्या रंगकारखान्याचे बोर्डही मला मिळाले. पाहुणे यायचेत, म्हणून साहेबांना डोळ्यांना बोचणारं अक्षर नको. दाजी माझ्या हातचं जेवतात आणि वर नावं ठेवतात. काळजी नसावी. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा योगेंद्र


अमळनेर
ता. २ मार्च २०२४

चि. योगेंद्रास अनेक आशीर्वाद.

मातीला आलास आणि माझ्याकडे न बघताच परत गेलास. यांच्या दिवसकार्याची गंधमुक्ती नऊ तारखेला आहे. त्यांच्या फोटोचा बॅनर करून आण. अक्षर तेच घे, त्यांच्या आवडीचं.

यांच्यासोबत काम करणारे आनंदाभाऊ भेटायला आलेत, परत सुरतेला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते. टाकी साफ करायला यांना पहिल्यांदाच उतरवलं होतं. मालकाने तोंडाला बांधायला काही दिलं नाही. उतरण्याआधी हे टाकीवरच्या बोर्डाकडे बघून हसले म्हणे. का हसले असतील, ते माझ्या डोक्यातून जात नाही. तुला ठाऊक असेल तर लिही.

तुझी ताई


गोडादरा
ता. ४ मार्च २०२४

ती. कमलताईस सा. न.

सवयीने आधी सौ. लिहिलं, मग कागद फाडून दुसरा घेतला.

तो बोर्ड माझा होता. 'विषारी वायू, आत उतरू नये,' असं गुजरातीत आणि हिंदीत. साहेब म्हणाले म्हणून तेच गोल अक्षर घेतलं, लाल रंगही टाळला. कवटीचं चित्रसुद्धा काढलं नाही. दाजींना वाचता येत नाही हे मला माहीत होतं, पण त्या वेळी एकदाही आठवलं नाही. त्यांनी माझं अक्षर ओळखलं, ताई. म्हणून हसले.

बॅनर माझ्याच्याने होत नाही. येऊ की नको, ते कळव.

योगेंद्र


अमळनेर
ता. १४ मार्च २०२४

चि. योगेंद्रास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, पण उत्तर लिहायला हात धजला नाही. नऊ तारखेला तुझी वाट पाहिली आणि तू आला नाहीस तेव्हा बरं वाटलं, हेही खरं. फोटोखाली नाव मीच खडूने लिहिलं. वाकडं आलं.

मालकाचा गुन्हा मोठा आहे, मला कळतं. पण माझं मन फिरून फिरून तुझ्याच बोर्डापाशी जातं. तो अजून तिथेच आहे, आनंदाभाऊंनी फोनवर सांगितलं. यांच्या जागी दुसऱ्याला घेतलंय, त्यालाही वाचता येत नाही. आधी तो बोर्ड बदल. बघताच माणूस मागे सरकेल असा कर. मग माझ्या दारात ये.

पत्राच्या शेवटी लोभाचं लिहायची रीत आहे. माझा तुझ्यावर आहे की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

तुझी ताई