नावालोयोच्या धुराड्यातला धूर

सेगोव्हिया, ३ नोव्हेंबर

ती. फुएन्सिस्ला आत्यास,
नोएलियाचा सा. न. वि. वि.

तुझ्या गावात फोनला रेंज फक्त स्मशानाच्या कठड्यावर चढल्यावरच मिळते आणि तू म्हणतेस की जिवंतपणी तिथे जाऊन बोलायची तुला घाई नाही. म्हणून हे पत्र.

मोठी बातमी आधी. बाल्दोमेरोकाकांचे गुडघे गेले आणि ते त्यांचा झाडांचा वाटा सोडताहेत. कुठला वाटा ते सांगायला नकोच. ओढ्यापलीकडचा, माझ्या आजोबांचा, तुझ्या बापूंचा! आजोबांनंतर बाबांनी तो सोडून ट्रक धरला, तेव्हापासून काकांकडे होता. मी सरपंच एलिओदोरोंकडे जाऊन नाव दिलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, तुझ्या जंगलकामाच्या शाळेतले इतर काय करणार म्हणून विचारलं. मी सांगितलं, कोणी अळंबी लावणार, कोणी पाइनच्या बियांच्या टरफलांपासून फळ्या बनवणार, आणि मी झाडांची राळ काढणार. आमच्या शिक्षिका रेमेदियोस बाई म्हणतात की शाई, रंग, डिंक यांत आज जमिनीखालचं तेल जातं, तिथे उद्या राळ लागणार आहे आणि झाडांना न मारता ती काढणारे हात कुठेच उरलेले नाहीत. पण आत्या, हाताला झाडं नसतील तर माझं प्रमाणपत्र भिंतीवर लावायच्याच कामाचं. उन्हाळ्यात अभ्यासक्रम संपतो. वाटा मिळाला तर मी नावालोयोची, नाही मिळाला तर बाबा मला वाय्यादोलिदच्या कचेरीत शिक्के मारायला बसवणार.

नियम तुला पाठ आहे, तरी सरपंचांनी मला पुन्हा ऐकवला. ज्याला वाटा हवा त्याचं गावातलं घर सर्व संतांच्या दिवसापासून, म्हणजे एक नोव्हेंबरपासून, १९ मार्चच्या सान होसेच्या दिवसापर्यंत उघडं हवं आणि धुराड्यातून धूर निघायला हवा. त्याची सोय मी केली आहे! शाळेतला माझा प्रकल्प म्हणून भुशाच्या गोळ्यांवर चालणारी शेगडी आपल्या बंद घरात बसवली. आठवडाभर आपोआप पेटते, आपोआप मंद होते. मी दर शुक्रवारी येऊन राहीन. बाबांना यातलं काही कळता कामा नये. त्यांच्या मते मी सरकारी परीक्षेचे क्लास करते आहे.

लसणीचं सूप करून ठेव. पत्राला उत्तर आणि मला एक वाटी, दोन्ही मिळावं.
तुझी लाडकी,
नोएलिया


नावालोयो, २१ नोव्हेंबर

चि. नोएलियास,
अ. उ. आ.

पोरी, तुझ्या शेगडीला शाळेत पैकीच्या पैकी गुण मिळाले असतील, पण गावाने तिला नापास केलं आहे.

काल चर्चमधून बाहेर पडताना साबिनियानोने सगळ्यांसमोर विषय काढला. म्हणाला, तुझ्या भावाच्या, फ्रूतोसच्या घराच्या धुराड्यावर मी रोज नजर ठेवून आहे, सर्व संतांपासून एक फुंकर धूर दिसलेला नाही, मग मुलीचा हक्क कसला? त्याला तो वाटा जावयासाठी हवा आहे. जावई वर्षातून दोनदा बंदूक घेऊन येतो, ससा मारत नाही, फक्त दमतो. मी म्हटलं, घरात जाऊन बघ, भिंती गरम आहेत. तो म्हणाला, नियम भिंतींचा नाही, धुराचा आहे. आणि काय सांगू, खरं बोलला मेला. मी खाली उभी राहून मान दुखेपर्यंत पाहिलं. तुझ्या शेगडीतून हवा तेवढी थरथरते. इतकी सोवळी आग मी जन्मात पाहिली नाही.

तेव्हा मी आपला इलाज केला. रोज सकाळी कोंबड्यांना दाणे टाकले की तुमच्या घरी चढते, भिंतीतल्या जुन्या चुलीत द्राक्षवेलींच्या ओल्या काड्या पेटवते आणि खिडकीत बसून खोकते. साबिनियानो समोरून जातो, टोपी काढतो, मी पण हात हलवते. तुझी शेगडी खाली ऊब देते, माझी चूल वर धूर देते. सुधारणा आणि परंपरा एका घरात नांदताहेत म्हणायचं.

ताकाला जाऊन भांडं मात्र फार दिवस लपत नाही. बापाला तू स्वतः सांगितलेलं बरं. तुझा बाप फणसासारखा आहे, पण तो सोलायचं काम माझ्या गळ्यात घालू नकोस.

शनिवारी ये. डुकराचे सॉसेज वाळायला टांगले आहेत, उतरवायला उंच माणूस हवा. माझी आठवण जागी ठेव.
तुझी आत्या


वाय्यादोलिद, १५ डिसेंबर

ती. अक्कास,
फ्रूतोसचा सा. न. वि. वि.

साबिनियानो थंडीत स्मशानाच्या कठड्यावर चढला आणि त्याने मला फोन केला. माझ्या घरात माझ्या बहिणीने चूल पेटवली आहे, आणि माझी मुलगी झाडांचा वाटा मागते आहे, असं मला परक्याकडून कळलं. मी ट्रक बाजूला घेऊन थांबवला.

अक्का, तुला काही आठवत नाही का? बापूंच्या हातांना ते झाडाच्या खाचेत लावायचं आम्लाचं मलम कसं खायचं? कातडी सोलून निघायची. जेवताना ते काटा धरायचे नाहीत, भाकरीने उचलायचे. मग राळेला कोणी विचारेना, आणि पिंपं ओढ्याकाठी तशीच पडून राहिली. मी त्या झाडांना पाठ दाखवली ती रडत दाखवली, पण दाखवली. माझी मुलगी त्याच खड्ड्यात उतरणार, आणि तू तिला शिडी धरते आहेस.

कचेरीत पंखा असतो, हीटर असतो. तिथे कोणाचे हात जळत नाहीत. ती चूल विझव. वाटा साबिनियानोच्या जावयाला जाऊ दे.

आणि दुसरं. त्या धुराड्यात कावळ्यांची घरटी असणार, किती वर्षांत कोणी साफ केलेलं नाही. मोठा जाळ करू नकोस, घर पेटेल.

नाताळला मी येणार नाही, माल घेऊन पोर्तुगालला जातो आहे. राग असला तरी धाकटा आहे हे विसरू नये.
फ्रूतोस


नावालोयो, ७ जानेवारी

चि. फ्रूतोस यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचलं. चूल विझवायला सांगणारा माणूस धुराड्यातल्या घरट्यांची काळजी करतो, यावरून काय समजायचं ते मी समजले.

बापूंचे हात मला आठवतात. त्यांना मलमपट्टी मी करायची, तू नाही. म्हणूनच पोरीला पहिला प्रश्न मी तोच विचारला. ती म्हणाली, आता ते आम्ल नाही लावत. झाडाला छोटं भोक पाडतात, बंद पिशवी लावतात, राळ स्वच्छ येते, हात स्वच्छ राहतात. मी विश्वास ठेवला नाही, म्हणून तिने रेमेदियोस बाईंना घेऊन येऊन माझ्या अंगणातल्या पाइनवर करून दाखवलं. माझं झाड आहे, अजून उभं आहे, मजेत आहे.

तू तिला कधी विचारलंस का की तुला काय करायचं आहे? तू फक्त काय करायचं नाही ते सांगितलंस. पोर खोटं बोलली हे वाईट, पण खरं बोलायला जागा कोणी ठेवली?

चूल मी विझवत नाही. घराच्या दोन किल्ल्या आहेत. एक माझ्याकडे, दुसरी तू इतकी वर्षं ट्रकच्या आरशाला टांगून देशोदेशी हिंडवतोस. विझवायचीच असेल तर स्वतः येऊन विझव.

तीन राजांच्या सणाचा केक एका पाहुण्याच्या वाट्याचा ठेवला होता, तो कोंबड्यांनी खाल्ला. माया आहे तशीच आहे.
तुझी अक्का


नावालोयो, ९ फेब्रुवारी

चि. नोएलियास,
अ. उ. आ.

हे पत्र मी खुर्चीवर पाय ठेवून लिहिते आहे आणि पाय प्लास्टरमध्ये आहे. हसू नकोस. सांता आगेदाच्या दिवशी गावाची सत्ता बायकांकडे असते आणि यंदाची सरपंचीण मी, हे तुला ठाऊक आहे. मानाची काठी हातात आली, घागरा घातला, डोकं फिरलं. पहिला हुकूम दिला की साबिनियानोने माझ्याबरोबर चौकात नाचावं. सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, तो नाचला. पण त्याचा बूट माझ्या घोट्यावर नाचला. बिचारा स्वतःच मला उचलून घरी घेऊन आला आणि वाटेत तीनदा म्हणाला की हे मुद्दाम केलेलं नाही. मला वाटतं, एकदा तरी खरं होतं.

आता मुद्द्याचं. तुमच्या घराची चढण मला चढता येत नाही. तुझा वर्ग आठवडाभर डोंगरात झाडांच्या परीक्षेला गेलेला, तुला कळवायचं कसं? सान होसे तोंडावर आला आणि धूर बंद. मला फार वाईट वाटलं गं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सगळा हिवाळा काढला आणि शेवटच्या वळणावर मीच पडले.

आणि आज सकाळी खिडकी उघडते तर तुमच्या धुराड्यातून धूर! लबाडे, परीक्षा बुडवून आलीस ना? आणि आत्याला भेटलीसुद्धा नाहीस? रेमेदियोस बाईंना कळलं तर कान उपटतील. मी मात्र तुझा मुका घेते.

येऊन प्लास्टरवर नाव लिहून जा, सगळ्यांनी लिहिलं आहे.
लंगडी आत्या


सेगोव्हिया, १७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आत्या, धूर मी काढलेला नाही!

तुझं पत्र मला आज परत आल्यावर मिळालं. मी आठवडाभर पावसात झाडांना भोकं पाडत होते, परीक्षा छान झाली. पण तू नाही, मी नाही, मग तिथे गेलं कोण? बाल्दोमेरोकाका? पण त्यांना तर स्वतःच्या घराची पायरी चढवत नाही. सरपंच? ते नियमाचे इतके पक्के की धूर काढायच्या आधी स्वतःलाच दंड करतील. किल्ली तुझ्याकडे आहे ना? कोणी दार फोडलं नाही ना?

आणखी एक मनातलं. मी बाबांना सगळं लिहून टाकलं. कचेरीचे क्लास मी कधी लावलेच नाहीत हे लिहिलं, क्षमा मागितली, आणि तरीही मला झाडंच हवीत हेही लिहिलं. दोन आठवडे झाले, उत्तर नाही. ते रागावलेले मला चालतात, आत्या. गप्प बसलेले चालत नाहीत.

शुक्रवारी येते. पाय हलवू नकोस, आणि धुराचा छडा लाव.
तुझी काळजीत पडलेली,
नोएलिया


नावालोयो, २८ फेब्रुवारी

चि. नोएलियास,
अ. उ. आ.

तू शुक्रवारी आलीस तेव्हा घर बंद, चूल थंड, कोणी नाही. तू गेलीस आणि सोमवारी पुन्हा धूर! शनिवार-रविवार मात्र सुट्टी. मी म्हटलं, हे भूत कामगार कायद्याने चालतं.

पण या धुराचा रंग मी नीट पाहिला. माझ्या काड्यांचा धूर पांढरा, हा काळा आणि चिकट. साबिनियानोच्या बायकोने वाळत घातलेल्या चादरी अशा रंगल्या की ती चौकात उभी राहून नवऱ्याला म्हणाली, हवा होता ना तुला धूर? घे, धू आता! तेव्हापासून साबिनियानोची तक्रार उलटी झाली आहे. धूर फार आहे म्हणतो.

असा काळा धूर एकाच गोष्टीचा. झाडावरून खरवडलेली वाळकी राळ काटक्यांखाली घालायची. आमच्या घरात असा विस्तव दोघंच करायचे. त्यातला एक स्मशानात आहे. तोच येत असेल तर मी मेणबत्ती लावून येते. दुसऱ्याचं नाव मी लिहीत नाही, कारण त्याला नाव घेतलेलं आवडणार नाही. पण आजकाल एक मोठा निळा ट्रक चर्चमागे सकाळी उभा असतो, असं पाववाली सांगत होती.

तू काही बोलू नकोस. मीही बोलणार नाही. सान होसेला वाट्याचा निकाल आहे, चांगले कपडे घालून ये.
तुझी (कळूनही न कळलेली) आत्या


वाय्यादोलिद, २१ मार्च

चि. नोएलियास,
अनेक आशीर्वाद.

परवा, सान होसेला, चर्चच्या ओसरीत सरपंचांनी वाटा तुझ्या नावावर लिहिला आणि तू माझ्या गळ्यात पडलीस. मग ट्रक घेऊन निघून गेलो. म्हणून लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घे.

साबिनियानोने विचारलं की मुलगी शाळेत होती आणि आत्या प्लास्टरमध्ये, मग त्या घरात होतं कोण, तेव्हा मागून 'मी होतो' म्हणणं सोपं होतं. खरं सांगायचं तर मी त्या घरात धूर काढायला गेलोच नव्हतो. अक्काने लिहिलं होतं की विझवायची असेल तर स्वतः ये. तुझं पत्रही खिशात होतं. रागाने आलो. वाटेत पाववालीकडून कळलं की अक्का पडली आहे. दार उघडलं तर चूल विझलेलीच होती. माझं काम आपोआप झालेलं होतं. परत फिरायचं होतं.

मग भिंतीवर बापूंचा वाकस, साल तासायचं ते हत्यार, दिसला. त्याच खिळ्याला. कोणी तरी गंज काढून त्याला धार लावली होती. उलट्या बाजूने लावली होती, पोरी. असा वाकस झाडावर चालवलास तर साल सोलण्याऐवजी लाकडात घुसतो. मी बसलो आणि सरळ धार लावली. हात थंडीने वळेनात म्हणून तुझ्या शेगडीपाशी बसलो. चांगली शेगडी आहे. मग वाटलं, इथे माणूस बसलेलं आहे आणि गाव म्हणणार घर बंद आहे. मला ते सहन झालं नाही. धुराड्यातली घरटी काढली आणि चूल पेटवली. त्यानंतर गाडीचा रस्ता बदलून तिकडूनच घेतला. वरच्या चुलीचा धूर गावासाठी, खालची ऊब माझ्यासाठी. तुला दिसू नये म्हणून शुक्रवारी निघत होतो. तुझ्यासमोर रडायचं नव्हतं.

मला भीती फक्त हातांची होती. ओसरीत तू माझे हात धरलेस तेव्हा मी तुझे पाहिले. शाईचा डाग होता, बाकी स्वच्छ. एवढंच बघायचं होतं.

एप्रिलमध्ये मी सुट्टी टाकली आहे. सालं तासायची मी दाखवीन, ती भोकं आणि पिशव्या तू मला दाखव. मी चुकलो तर हस, पण साबिनियानोसमोर नको. त्याच्या बायकोला नव्या चादरी घेतल्या आहेत, अक्काकडे पाठवल्या, देऊन ये.

माझ्याकडची किल्ली आता तुझी. रीतीने परत द्यायला हवी. देणार नाही. ती आरशालाच राहील. एखाद्या हिवाळ्यात तुला घरी यायला उशीर झाला, तर धूर कोण काढणार?

तुझा,
बाबा