तिसरा बल्ब

बाबा, आज शनिवार. पांढुर्ण्याहून परत येताना जामसांवलीच्या फाट्यावर आमची बस पाऊण तास अडकली, आणि तिथे बसल्या बसल्या मी माझ्या पोरीला खोटारडी ठरवलं. तुम्ही गेल्याला चौदा वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही असं नाही, पण जे लिहायचं होतं ते लिहायची हिंमत नव्हती. आज पोरीमुळे ते पुढ्यात येऊन बसलं आहे. ओट्यापाशी उभी राहून लिहिते आहे, गॅसवर दूध ठेवलं आहे, आणि ती बाहेर शेडमध्ये अजून पिल्लांजवळच बसली आहे. ती आत यायच्या आधी मला हे संपवायचं आहे.

शेड तुमचीच, संत्र्याच्या बागेला लागून. पत्रे नवे टाकले, बाकी सगळं तेच. तीनशे पिल्लं आणली आहेत, आज त्यांचा सहावा दिवस. खाली धानाचा भुसा, भोवती गुडघ्याएवढं पत्र्याचं गोल कडं, वर तीन बल्ब. हल्ली लोक गॅसच्या शेगड्या लावतात. दोघातिघांनी मला तसं शहाणपण शिकवूनही पाहिलं, पण तुम्हीच म्हणायचे ना, ही पोट्टी ऐकते साऱ्यांचं अन् करते आपलंच. कडं गोलच का, असं पोरीनं विचारलं तेव्हा तुमचंच उत्तर तुमच्याच शब्दांत माझ्या तोंडून निघालं, "कोपरा भेटला का पिल्लं त्याच्यात घुसतात. एकावर एक चढतात. वरचं जगते, खालचं मरते."

दिवेलागणीला तुम्ही त्या कड्याच्या आत उकिडवे बसता आणि मी दाराजवळच्या बोर्डापाशी उभी राहते. असं लिहिताना मी पुन्हा अकरा वर्षांची होते बघा. तुम्ही म्हणता, "एक." मी कडेचा बल्ब बंद करते. पिल्लांची चिवचिव एकदम तीक्ष्ण होते, मग हळूहळू खाली येते. ती खाली आल्याशिवाय तुम्ही "दोन" म्हणत नाही, माझा हात अवघडला तरी नाही. आणि शेवटी तिसरा बल्ब. खरं तर तो रात्रभर ऊब द्यायला जळतच राहायचा, पण निजवताना तुम्ही तोही बंद करायला लावायचे, शंभर मोजेपर्यंत. मी कारण विचारलं तर म्हणालात, "लाइट आपल्या बापाची हाय का? आज हाय, उद्या नाई. अंधाराची सवय आपणच लावाव लागते." त्या शंभर आकड्यांच्या अंधारात तुमचा खालच्या पट्टीतला आवाज एकसारखा चालू असायचा. "निजा बापहो, निजा. मी हावो इथंच." गळ्यात तुळशीची माळ, अंड्याला हात लावला तर अंघोळ करणारा माणूस, आणि कोंबडीच्या पिल्लांना बापहो म्हणतो, म्हणून शेजारी तुमची टर उडवायचे. तुम्ही हसून सोडून द्यायचे. शंभर झाले की मी तिसरा बल्ब लावायची, आणि त्या पिवळ्या उजेडात सगळी पिल्लं भुशावर सारखी पांगून, माना टाकून निजलेली दिसायची.

तुमची स्वतःची म्हणून आठवड्यात एकच गोष्ट होती, शनिवारची जामसांवली. दुपारच्या बसने जायचं, मारुतीपुढे बसायचं आणि दिवे लागायच्या आत घरी. त्या शनिवारी आई मावशीच्या बाळंतपणाला गेली होती. निघताना तुम्ही मला शेडमध्ये नेलं, बोर्डापुढे उभं केलं आणि मोठ्या माणसाशी बोलावं तसं बोललात. "मी येळेवर येतोच. नाई आलो तं तू कर. एक एक करून. तिसरा बंद केला का आत जाऊन बस, बोलत राय. अन् मंग तो परत लाव. जमते ना?" मी म्हटलं, जमते. मला खरंच फार अभिमान वाटला होता, बाबा.

बस उशिरा आली. आणि शेजारी त्या दिवशी बारशासाठी भाड्याने व्हीसीआर आणला होता. पिक्चर सुरू झाल्याची गाणी शेडपर्यंत ऐकू येत होती, सगळी पोरं आत जाऊन बसली होती, आणि मी बोर्डापाशी उभी राहून पहिला बल्ब बंद करायला तुमची वाट पाहत होते. मग मी वाट पाहिली नाही. तळहातानं तिन्ही बटनं एकदम बंद केली. पिल्लं किंचाळली. असा आवाज मी तोपर्यंत कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, थोड्या वेळानं होतील गप. दार मागे ओढलं, ते नीट लागलं की नाही तेही पाहिलं नाही, आणि पळत सुटले. परत आले तेव्हा शेडमध्ये चिडीचूप. बरं झालं, निजली, म्हणून मी बटनं लावली. कडं मधोमध रिकामं होतं. सगळी पिल्लं दाराच्या बाजूच्या पत्र्याला लागून एका ढिगात होती. मी दोन्ही हातांनी ढीग उकरू लागले. वरची उठून पळत होती. खालची गरम होती आणि चपटी होती.

तेवढ्यात तुमची चप्पल वाजली. तुम्ही दारात उभे राहिलात. "काय झालं?"

"लाइट गेली होती, बाबा."

तुम्ही ढिगाकडे पाहिलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. "तू आत बसली होती का?"

"हो."

"बरं," म्हणालात. तेवढंच. मग गुडघे टेकून एकेक पिल्लू उचलायला लागलात. ज्यांची चोच हलत होती ती बल्बखाली ठेवली, अगदी अर्धमेली तीन सदऱ्याच्या आत छातीशी धरली. मेलेली संत्र्याच्या टोपलीत. एकेचाळीस होती. सकाळी बागेत खड्डा करताना स्वतःशीच बोलावं तसं बोललात, "मी जायलेच नोको होतं." आणि त्या संध्याकाळी, मी तोंड लपवून स्वयंपाकघरात बसले असताना, नेहमीच्याच आवाजात हाक मारलीत, "ये वो, बटनापाशी उभी राय."

त्यानंतर पिल्लं लहान असताना तुम्ही एकदाही शनिवारी जामसांवलीला गेला नाहीत. नारळ कोणाच्या तरी हाती पाठवायचे. पुढे मी कॉलेजात असताना एकदा म्हटलं, जा ना आता, मी आहे. तर गुडघ्यांवर ढकललंत. मला मात्र ठाऊक होतं, माझ्या एका वाक्यामुळे तुम्ही सगळा दोष स्वतःच्या माथी घेऊन बसला आहात. दुसऱ्या एका वाक्यानं मी तो काढू शकले असते. शेवटच्या आजारात दोन रात्री तुमच्या उशाशी बसले. वाक्य जिभेवर होतं. दर वेळी तोंड उघडलं आणि विचारलं, "पाणी देऊ?"

आता आजचं. पिल्लांची लस बर्फात घालून आणायची होती, ती पांढुर्ण्यालाच मिळाली. पोरगी तेरा वर्षांची आहे, पाच दिवस माझ्यासोबत बोर्डापाशी उभी राहिली आहे. निघताना मी तिला म्हटलं, मी वेळेवर येतेच, नाही आले तर तू कर. म्हणून झाल्यावर लक्षात आलं हे कोणाचं वाक्य आहे. परतीच्या बसमध्ये बर्फाचा डबा मांडीवर होता आणि मी दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. जामसांवलीच्या फाट्यावर शनिवारची गर्दी, गाड्याच गाड्या, बस जागची हलेना. अंधार पडला. फुलं-नारळाच्या दुकानांवर बल्बच्या माळा लागल्या. आणि फोन आला.

"मम्मी, लाइट गेली. गावाचीच गेली. पिल्लं ओरडून राहिली. मी काय करू?"

बाबा, तिला काय करायचं ते मी सांगायला हवं होतं. ते मला झोपेतही सांगता येतं. पण खिडकीबाहेर लखलखाट होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "इथं तं साऱ्या लाइटी चालू हायेत. तिन्ही बटनं तूच एकदम दाबली ना? खरं सांग."

"नाई वो मम्मी, खरंच गेली."

"खोटं बोलू नोको माझ्यासंग!"

बसमधली माणसं वळून पाहू लागली. पलीकडे फोन बंद झाला. मी पुन्हा लावला, उचलला नाही. आणखी चारदा लावला. मारुतीच्या दारात बसून मी हात जोडले नाहीत, मी नुसता तो ढीग पाहत होते, दाराच्या बाजूचा. आज तो उकरायला माझी पोरगी असेल, एकटी. हा विचार येऊनही मनातला राग उतरेना. पिल्लांना काय झालं याच्याआधी मला हे हवं होतं की तिनं कबूल करावं. इतकी वाईट आहे मी.

सौंसरला उतरले, तिथेही दिवे होते. तिथून ऑटो केला. बोरगावकडे वळलो आणि पुढे सगळं काळं. एक खिडकी नाही, एक खांब नाही. ऑटोवाला म्हणाला, "तुमच्या तिकडची लाइट तं कवाचीच गेली, ताई. तार तुटली म्हणते."

शेडचं दार मी हळूच ढकललं. आत मिट्ट अंधार, आणि अंधारातून आवाज, "निजा बापहो, निजा. मी हावो इथंच." बाबा, तिनं तुम्हाला कधी पाहिलेलं नाही. मी मोबाइल काढला तशी ती कुजबुजली, "टॉर्च नोको लावू मम्मी, भेतात." चाचपडत आत गेले. गरम पाण्याची पितळी गुंडी पोत्यात गुंडाळून तिनं मधोमध ठेवली होती, लाइट गेली की तुम्ही ठेवायचे तशी. तुमची ही गोष्ट मी तिला कधीतरी भाजी निवडताना सांगितली असेल. मी कड्याच्या आतून पत्र्याला हात लावत पूर्ण फेरी मारली. कुठेही ढीग नव्हता. सगळी गुंडीभोवती आणि तिच्या मांडीभोवती सैलसर बसली होती. मी भुशात बसकण मारली.

अर्ध्या तासानं लाइट आली. आमच्या शेडमध्ये नाही. पिल्लं एकदम दचकू नयेत म्हणून पोरीनं तिन्ही बटनं आधीच बंद करून ठेवली होती, हे मात्र मी तिला शिकवलेलं नव्हतं. लाइट आली ती शेजारच्या घरात. मी दार अर्धवटच लावलं होतं. त्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत आली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी पिल्लं उठून तिकडे धावली. दाराच्या बाजूच्या पत्र्याकडे, एकावर एक. आम्ही दोघींनी हात घालून त्यांना पांगवलं, तिनं उडी मारून दार लावलं. आणि मी तशीच गुडघ्यांवर राहिले.

त्या शनिवारीही ढीग दाराच्याच बाजूला होता, बाबा. फटीतून शेजारचा उजेड आत येत होता म्हणून. गावाची लाइट गेली असती तर कसला उजेड आणि कसली फट? तुम्ही पिल्लांच्या नुसत्या बसण्यावरून वारा कुठून येतो ते सांगायचे. तुम्ही आधी ढिगाकडे पाहिलं होतं, मग दाराकडे, मग माझ्याकडे. बसथांब्यापासून तुम्ही दिव्यांच्या उजेडात चालत आला होतात. व्हीसीआरची गाणी आपण दोघंही उभे होतो तिथे ऐकू येत होती. तुम्हाला पहिल्या क्षणापासून माहीत होतं. म्हणजे शनिवार सोडले ते स्वतःला दोष देऊन नव्हे. मला त्या बोर्डापाशी पुन्हा एकटं सोडायचं नाही, म्हणून. आता ते माझ्यावरचा भरवसा उडाला म्हणून, की मला पुन्हा खोटं बोलायची वेळ येऊ नये म्हणून, हे कोणाला विचारू? पण दुसऱ्याच संध्याकाळी हाक मारून बटनापाशी तुम्ही मलाच उभं केलं होतं. आणि मी आज माझ्या पोरीला, ती खरं बोलत असताना, भर बसमध्ये काय म्हणाले.

तिसरा बल्ब लावला. दोन पिल्लं मेली होती, ती सकाळपासूनच मान टाकून होती. बाकी सगळी शाबूत. पोरगी केसातला भुसा झटकत माझ्याकडे न बघता म्हणाली, "मम्मी, एक विचारू? तुले काऊन वाटलं, मी खोटं बोलून राहिली म्हणून?"

मी म्हटलं, "थांब, गॅसवर दूध आहे." आणि आत आले. दूध तेव्हा फ्रिजमध्ये होतं. आल्यावर गॅसवर ठेवलं, म्हणजे निदान ते तरी खरं व्हावं.

हा कागद कुठे जायचा नाही. ज्याला सांगायचं त्याला आधीच माहीत होतं. तरी एकदा लिहिते. लाइट गेली नव्हती, बाबा. तिन्ही बटनं मी बंद केली होती आणि मी आत बसले नव्हते. शेडच्या दाराची कडी वाजली आहे, पोरगी येते आहे. हेच आता तिच्यापुढे म्हणायचं आहे, आणि माझी जीभ अजूनही "लाइट गेली होती" असंच म्हणायला वळते आहे.