शिळी डिस्क

२० ऑक्टो., खंडेनवमी. दारव्हा
मामांशी कडाक्याचं भांडण. कापसाच्या जिनिंगचे मॅनेजर ते, सर्व्हर सांभाळायची माझी नोकरी त्यांनी लावून दिली, म्हणून भाच्यानं सगळंच ऐकायचं का? वजनकाटा, पान्हे, ट्रॅक्टर, सगळ्यांना हळदकुंकू झालं. मग म्हणाले, सर्व्हरच्या डिस्क बाहेर काढ, झाकणावरून पूजा पोचत नाही. तीन डिस्क मिळून एक गाडा ओढतात, त्यांना हात लावू नका, हे सांगून घसा बसला. ऐकतो कोण! स्वतःच प्लग उपटला. उन्हाळ्यात बाद केलेली चौथीही कपाटातून काढून पाटावर मांडली. जुनं हत्यार म्हणे.
डोकं फिरलं. म्हटलं, लावा आता तुमच्याच हातानं. घाटंजीला निघालो, सासरी.

२१ ऑक्टो., दसरा
खरेदीचा मुहूर्त. परत पोचलो तेव्हा कापसाच्या गाड्यांची रांग पार बसस्टँडपर्यंत. सगळ्यांचे नंबर सर्व्हरमध्ये आणि सर्व्हर उठेना. नंबर पुकारणारा काट्यावरचा सलीम, तो बिचारा थांबा थांबा म्हणत होता. कुणीतरी ओरडलं, व्यापाऱ्यांसाठी यानंच नंबर पुसले. झालं. एकानं बैलगाडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा तोंडावर. पडल्यावरही तुडवत होते.
मी घुसलो. एकाचं मुंडकं धरून भिंतीवर आपटलं. त्याचे दात हाताला लागले. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.
सलीमला यवतमाळला नेलं. डावा डोळा दिसतच नव्हता, नुसतं रक्त.

२२ ऑक्टो.
पोलीस गेटवर. सर्व्हर सुरू करून पडद्यावरची अक्षरं नीट वाचली. ‘किकिंग नॉन-फ्रेश’, म्हणजे एक डिस्क शिळी, जुन्या नोंदींची, तिला लाथ मारून हाकलतोय. खाली लिहिलंय, अ‍ॅरे, म्हणजे तीन डिस्कचा तो गाडा, अर्धवट आणि मळलेला, सुरू करणार नाही. एक डिस्क कमी म्हणून अर्धवट, चालू असताना प्लग उपटला म्हणून मळलेला. दोन्ही एकदम आल्यावर तो तरी काय करणार?
झाकण उघडलं. तिसऱ्या खणात मामांनी लावलेली ती बाद डिस्क, कुंकवासकट. चांगली कपाटात, झेंडूखाली. बदलली, अ‍ॅरे उठला. नंबर सगळे जागेवर, एकही पुसलेला नाही.
मामांना दाखवलं. ते आधीच पोलिसांना सांगून बसलेत की सलीमनं काहीतरी दाबलं. तुझा जबाबही तसाच दे म्हणाले. मग हळू आवाजात, “त्यानं मार खाऊन घेतला ना? आता आपण कायले खाचा?”
हातात पान्हा होता. टेबलावर हाणला, काच फुटली. त्यांच्या डोक्यात हाणायचा होता.

२४ ऑक्टो. यवतमाळ
डोळा गेला. डॉक्टरांनी काल काढला.
मामाही सोबत आले, सफरचंदं घेऊन. सलीमच्या बायकोनं त्यांना स्टूल दिलं, पाया पडली. बिल मॅनेजरसाहेबच भरून राह्यले, असं ती सगळ्या वॉर्डाला सांगत होती.
सलीमला शुद्ध आहे. जबडा बांधलेला, शब्द सांडतात. माझा हात धरून म्हणाला, “भाऊ, त्या दिवशी सकाळी बटन म्याच दाबलं होतं. मायाच हातानं बिघडलं न?”
म्हटलं, नाही.
“मंग कोणाच्या?”
मामा सफरचंद कापत होते, थांबले. सलीमनं एकच डोळा माझ्यावर लावला. बायकोही बघायला लागली.
मी तोंड उघडलं, तर मामाच आधी बोलले, “खाय रे, मऊ हाये.” आणि फोड त्याच्या ओठांशी नेली.
सलीमनं तोंड मिटून घेतलं. माझा हात त्यानं अजून सोडला नव्हता.