एका घरात दोन लता

६ फेब्रुवारी
फाइल परत आली. कारण एका ओळीत: प्रमाणपत्र और आधार में नाम अलग. जसं काही मला माहीतच नव्हतं. सर्टिफिकेट लता तुकाराम शेळके, आधार सायली विक्रम मोहिते. दोन्ही मीच.
साताऱ्याला एमआयडीसीत काम करता करता परीक्षा दिली, वायरिंगच्या सुपरवायझरचं सर्टिफिकेट मिळवलं, तेव्हा लग्न व्हायचं होतं. राजस्थानात काम करायचं तर इथल्या ऑफिसची मान्यता पाहिजे. आणि सर्टिफिकेटची मुदत मे महिन्यात संपते. नूतनीकरणालाही आधारच मागतात. मुदत गेली की परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. ह्या वयात, चिऊची शाळा सांभाळून, मी नाही देऊ शकणार. हे फक्त इथेच लिहिते.
कंत्राटदार शेखावतजींना अजून कळवलं नाही. त्यांचा सुपरवायझर सोडून गेलाय, जगतपुऱ्यात होस्टेलची बिल्डिंग उभी आहे, आणि त्यांना मी हवी आहे. वि.च्या मिलिटरीतल्या बदल्यांमागे फिरताना पठाणकोट, झाशी, सगळीकडे शेजारच्या क्वार्टर्समधले पंखेच दुरुस्त केले. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी काम देतंय.

९ फेब्रुवारी
सी-स्कीममध्ये नोटरीकडे गेलो. वकील विचारतो, सरनेम बदला समझ में आया, पर पहला नाम क्यों? वि.नी सांगितलं, हमारे में बदलते हैं. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं नवं नाव लिहितो. वकिलाला मजा वाटली. दोनदा सांगायला लावलं.
खरं कारण वि.नी सांगितलं नाही. सासूबाईंचं नाव लता. एका घरात दोन लता कशा चालणार? मामंजी कुणाला हाक मारणार? म्हणून मी सायली. तेव्हा मला ते नाव आवडलंही होतं, खोटं कशाला बोलू. ग्रामपंचायतीत लग्नाची नोंदसुद्धा उत्साहानं नव्या नावानंच केली. त्यामुळे दोन्ही नावं एकत्र आहेत असा एकही सरकारी कागद नाही.
राजपत्रात नावबदल छापायचा अर्ज केलाय. येईल तेव्हा येईल.

१९ फेब्रुवारी
आज नोटरीचा कागद जोडून फाइल पुन्हा दिली.
खिडकीवर बाबूने पत्त्यासाठी जोडलेलं वि.चं कुटुंबाचं कार्ड उलटून पाहिलं. "पत्नी सायली मोहिते. माता लता मोहिते. तो ये लता आपकी कौन?"
मी सर्टिफिकेट पुढे सरकवलं.
"मैडम, सास का नाम पूछ रहा हूँ."
लग्न झाल्यापासून ते नाव मी एकदाही घेतलेलं नाही. घ्यायचं नसतं. स्वतःचंच नाव, पण त्यांच्या नावावर गेलेलं. मी "जी वो" करत राहिले आणि बाबू माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "सास का सर्टिफिकेट लगा रखा है क्या?"
मागच्या रांगेत हसले.
जन्मतारीख जुळवा म्हटलं. आधारवर १ जानेवारी. गावच्या कॅम्पात सगळ्या सुनांना तीच लावून दिली होती. फोटो बघा म्हटलं. दोन वेण्या घातलेली पोरगी, अर्धी पुसलेली. बाबू म्हणे, ये तो कोई भी हो सकती है.
फाइलवर शेरा: दुसऱ्याच्या प्रमाणपत्राचा संशय. सासूचं शपथपत्र आणा, नाहीतर प्रकरण पुढे जाईल. पुढे म्हणजे पोलीस?
चौथी शिकलेल्या सासूबाई बल्बला हात लावायला घाबरतात. आणि मी त्यांचं सर्टिफिकेट चोरलं.

२१ फेब्रुवारी
चिऊ, "आई, मतलब तुझं असली वालं नाव कोणतं?"
झोप म्हटलं तिला.

२५ फेब्रुवारी
जगतपुऱ्याला गेले, नुसतं बघायला. शे.जी स्वतः स्कूटरवरून फाटकापर्यंत आले. तीन मजले, प्रत्येक बाथरूममध्ये गीझर. बोर्ड उघडला तर अर्थिंगच्या तारा वर बांधलेल्या, खाली काही नाही. खड्डा खणलाय, पण पाइप उभा करून नुसती रेती लोटलीय. रेतीत अर्थिंग काय लागणार? शॉक बसला तर करंट पोरांच्याच अंगातून जायचा.
शे.जींना सांगितलं. भला माणूस, लिहून घेतलं. मग म्हणाले, "मैडम, काम आप देख लो. साइन मैं बाहर से करवा लूँगा, एक जने हैं, बिना देखे कर देते हैं. आपका कागज़ आ जाए तब आपका नाम."
घरी येईपर्यंत विचार करत होते. वाईट वाटतंय लिहायला, पण मोह झाला. काम तरी माझ्या हातून होईल ना. अजून हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

१ मार्च
सासूबाईंना फोन केला. तलाठ्याशेजारी वकील बसतो, त्याच्याकडे जाऊन एवढंच लिहून द्यायचं: मी लता मोहिते, मी वायरमन-सुपरवायझर कुणी नाही, हे प्रमाणपत्र माझं नाही.
"म्या न्हाई हे सांगाय बी कोरटात जायचं? आन् उद्या ते म्हनले, बाई, तू लता बी न्हाईस, मंग माझं मिलिटरीचं औषधपानी बंद?"
तसं काही होणार नाही म्हटलं. फोन ठेवून दिला त्यांनी.
वि.वर सगळा राग काढला. "तांदळात तुम्ही लिहिलंत." ते म्हणाले, "भटजींनी सांगितलं ते लिहिलं." एवढंच. मग कपाटातून युनिफॉर्म काढून इस्त्री करत बसले. आधीच इस्त्री झालेला युनिफॉर्म.

६ मार्च
काही नाही. ऑफिसला गेले, साहेब नाहीत. राजपत्र नाही. दिवसभर डोकं दुखतंय.
शेजारच्या बाईचा मिक्सर दुरुस्त केला. म्हणाली, भाभी, आप तो मास्टर हो. बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

१३ मार्च
सासूबाई आल्या. न कळवता, धाकट्या दिरांबरोबर, ट्रेनने. पिशवीत भाकरीचं पीठ, जवसाची चटणी. चहा घेतला. मग, "त्या खिडकीवं तुला माजं नाव घेता आलं न्हाई, म्हनून हे झालं व्हय?"
वि.नी सांगितलेलं दिसतंय.
"घे मंग. आता घे. म्या बसलेय न्हवं समोर."
नाही घेता आलं. हसू आलं, मग रडू. त्या बसून राहिल्या, मी कणीक मळत राहिले. चौथ्या पोळीला तोंडातल्या तोंडात म्हटलं, "लता." त्यांनी ओ दिली नाही. "लई बारीक," म्हणाल्या. "त्या बाबूला कसं ऐकू जाईल?"

१७ मार्च
ऑफिस. आज मोठ्या मॅडम होत्या. सासूबाई नऊवारीत, पदर घेऊन खिडकीशी. मी सांगितलं, मोठ्यानं, "ये मेरी सास हैं, लता मोहिते."
मॅडमनी सर्टिफिकेट त्यांच्यापुढे धरलं. "अम्मा, ये आपका है?"
सासूबाईंनी फोटो डोळ्याजवळ नेला. "ही माजी सून. लता." मला त्यांनी ह्या नावानं कधी म्हटलं नव्हतं.
मॅडमना पटलं. चेहऱ्यावरून कळत होतं. पण शपथपत्राला सासूबाईंचा माहेरच्या नावाचा कागद पाहिजे, त्या लता शेळके नव्हत्या हे दाखवायला. त्यांनी पिशवीतून माहेरच्या जमिनीचा सातबारा काढला. जपून आणलेला, प्लॅस्टिकमध्ये. त्यावर नाव: हौसाबाई गणू जाधव.
"ये हौसाबाई कौन?"
"म्याच की."
त्यांचंही लग्नात बदललं होतं. लता मामंजींनी ठेवलं, तेव्हा नवीन नाव म्हणून फॅशन होती.
मॅडमनी डोकं धरलं. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, "माताजी का पहले कराइए, फिर आपका."
रिक्षात बसलो. मी बाहेर बघत रडत होते, लपवायचं पण त्राण नव्हतं.

१८ मार्च
रात्री सासूबाई म्हणाल्या, हौसा म्हणून हाक मारनारं आता कुनी उरलं न्हाई. आईनं मारलेली शेवटची.
मग, "तू तुझं लता घे परत. मला समदी आईच म्हनत्यात. माजं काय अडलंय."
मी म्हटलं, घेऊन कसं चालेल, आपल्या दोघींच्या औषधाच्या कार्डात दोन लता मोहिते होतील, मिलिटरीचं रेकॉर्ड ऑफिस पुन्हा विचारेल. त्यांना ते काही कळलं नाही. मलाही सांगता सांगता हसायला आलं. चांगलं नव्हतं ते हसणं.

२३ मार्च
सासूबाई आज गेल्या. वि. स्टेशनवर सोडून आले.
मे यायला किती राहिलं ते मोजायचं नाही असं ठरवलंय.

२७ मार्च
शे.जींचा फोन. त्या बाहेरच्या माणसाची सही झाली. सोमवारी विजेचा इन्स्पेक्टर येणार, मंगळवारपासून मुलं राहायला येणार. अर्थिंगचं काय केलं विचारलं. "हो जाएगा, मैडम, आप टेंशन मत लो." झालं नाहीये, आवाजावरून कळतं. मीच गेले. खड्डा तसाच, रेती वरून सपाट केलेली.
शे.जी जेवत होते. म्हणाले, आप ही देख लेना ना, आपका कागज़ आते ही आपको ही रखूँगा. खरं बोलत होते. तेच तर अवघड.

२८ मार्च
इन्स्पेक्टरच्या नावे अर्ज लिहिला. खड्ड्यात कोळसा-मीठ नाही, पाणी नाही, तारा मोकळ्या, मीटर लावून मोजल्याशिवाय लाइन देऊ नये. हिंदी वि.कडून तपासून घेतली. वि.नी वाचलं, दोनदा. म्हणाले, हा अर्ज गेला तर शेखावत तुला कधी ठेवणार नाही.
माहीत आहे म्हटलं.
लता शेळके म्हणून दिला तर ऑफिसात ती संशयित. सायली मोहिते म्हणून दिला तर वाचणारा म्हणेल, घरातली बाई, हिला विजेतलं काय कळतं. बिननावाचा अर्ज तर कचऱ्यात जातो.
वि. पेन घेऊन समोर बसलेत, कोणतं नाव लिहू विचारतायत. मुलं मंगळवारी येणार.