तुझ्या वतीनं हो म्हटलं

बॅरी, साउथ वेल्स
मे १९७४

प्रिय इद्रिस,

मी सांगतेय, आपला नातू ग्विलिम लिहितोय. खोकला कसा आहे? सूप संपवतोस ना?

ग्विलिम आणि त्याच्या मित्रांनी इथल्या भंगारातून विकत घेतलेलं तुझं आगगाडीचं वाफेचं इंजिन पाहिलं. तीस वर्षं चालवलंस, ते आता चालायचं नाही रे. सांगाडाच तडकलाय. बॉयलर मात्र ठणठणीत, तुझ्यापेक्षाही. तो पोरं त्यांच्याकडच्या बॉयलर फुटलेल्या दुसऱ्या इंजिनाला बसवणार आणि उरलेलं कापणार.

ग्विलिम म्हणाला, "आजी, आजोबांना विचारूया."

म्हटलं, "अरे, म्हातारा रडेल. मग कापायला तुमचा हात धजायचा नाही आणि दोन्ही इंजिनं गंजतील."

तुझ्या वतीनं मीच हो म्हटलं. कापण्याआधी त्याच्यावर हातही फिरवला. मी घरी आले की हवं तेवढं भांड. त्यासाठी तरी बरा राहा.

तुझीच खडूस बायको,
ब्रॉनवेन